तळेगावात तीन पावसाळे: एक घर, एक लोकल आणि शिवाजीनगरची नोकरी

नोकरी पुण्यातल्या शिवाजीनगरला आणि घर तळेगाव दाभाड्याला, असं म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "एवढ्या लांबून रोज?" मे २०२३ मध्ये आम्ही कर्वेनगर सोडलं. परवाची दिवाळी धरून इथे तीन पावसाळे काढले. घर शोधत होतो तेव्हा रात्री जेवणं उरकली की मी मोबाईल घेऊन बसायचे आणि कुणीतरी रोजच्या जगण्यातलं खरं काही लिहिलंय का ते शोधायचे. मिळायच्या त्या सगळ्या जाहिराती. स्विमिंग पूल, क्लब हाऊस, 'हायवेपासून पाच मिनिटं'. म्हणून हे लिहिते आहे, माझ्यासारखंच कुणीतरी आज शोधत असेल त्याच्यासाठी.

आधी आमच्या घराबद्दल सांगते, कारण कुठलं उपनगर चांगलं हे घरातली माणसं कुठे जातात-येतात यावर ठरतं. मी शिवाजीनगर कोर्टाच्या मागच्या बाजूला एका ऑफिसात हिशेब बघते, साडेनऊ ते सहा. नवरा चाकण एमआयडीसीत, शिफ्टमध्ये. लेक तेव्हा सात वर्षांची होती. सासूबाई आमच्याबरोबर असतात, त्यांना आम्ही आई म्हणतो, त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नव्हती, भाडं २२ हजार. नवऱ्याला कंपनीची बस पकडायला पहाटे साडेचारला उठून नाशिक फाट्यापर्यंत जावं लागायचं. आई महिन्यातून दोनदा खाली उतरायच्या, एकदा डॉक्टरकडे आणि एकदा चतुर्थीला देवळात. आणि लेक? शाळेची व्हॅन, घर, गॅलरी. खालच्या रस्त्यावर तिला एकटीला सोडायची माझी हिंमत नव्हती. समोरच्या दुकानातून कोथिंबिरीची जुडी आणायलासुद्धा मी तिला कधी पाठवलं नाही.

तर निकष दोनच ठेवले. एक, सगळ्यात वाईट दिवशी दारापासून टेबलापर्यंत मला दीड तासाच्या वर लागता कामा नये. चांगल्या दिवशी किती लागतो हा हिशेब आम्ही केलाच नाही, कारण दलालाच्या तोंडून येणारा आकडा नेहमी रविवारच्या सकाळचा असतो. दोन, लेक दहा वर्षांची होईल तेव्हा शाळा, वाचनालय, मैत्रिणीचं घर आणि दुकान एवढ्या चार ठिकाणी तिला चालत आणि एकटीने जाता आलं पाहिजे. दुसरा निकष ऐकून बरेच जण म्हणाले, हल्लीच्या काळात असं कुठे मिळतं? मिळतं. शोधावं लागतं.

२०२२चा पावसाळा आम्ही मुद्दाम घरं बघण्यात घालवला. उन्हाळ्यात सगळीच घरं कोरडी असतात आणि सगळेच रस्ते रस्त्यासारखे दिसतात.

वाघोलीला दोन खेपा झाल्या. घरं मोठी, किंमत आवाक्यातली. पण चाकणला जायला आणि शिवाजीनगरला जायला, दोन्हीकडे फक्त रस्ता. नगर रोडवर मी सोमवारी सकाळी आठला पीएमपीच्या बसमध्ये बसून पाहिलं आणि कोर्टापाशी उतरेपर्यंत माझा निर्णय झाला होता. शिवाय आम्ही बघितलेल्या सोसायटीच्या फाटकाशी टँकर उभा होता, त्यामागे दुसरा, आणि वॉचमनच्या वहीत त्या दिवसाच्या खेपा लिहिलेल्या होत्या. ती वही बघायला मिळाली हे नशीब. घर बघायला जाल तेव्हा वॉचमनशी बोला, शक्य झाल्यास टँकरची वही बघा. सॅम्पल फ्लॅटपेक्षा ती जास्त बोलते.

मोशी चाकणच्या दृष्टीने उत्तम होती, नवऱ्याचा जीव तिथेच होता. मला मात्र मोशीतून नाशिक फाटा, तिथून पुढे बस. पिंपरीची मेट्रो तेव्हा फुगेवाडीपर्यंतच धावत होती, शिवाजीनगर न्यायालयापर्यंत ती आली १ ऑगस्ट २०२३ला. आज शोधत असते तर मोशीचा विचार मी जास्त गांभीर्याने केला असता, हे प्रामाणिकपणे सांगते. नाशिक फाट्याला गाडी लावून मेट्रोने थेट कोर्ट, मग मंडई, स्वारगेट. २९ सप्टेंबर २०२४पासून हा सगळा पट्टा जोडला गेलाय. पण मेट्रोपर्यंत पोचायचा नाशिक रस्ता उरतोच, आणि तो पार केल्याशिवाय दिवस सुरू होत नाही.

सिंहगड रोडला नदीकाठची एक इमारत दाखवली होती. दोन बेडरूम, समोर झाडं, भाव चांगलाच कमी. मला मोह झाला. आईंनी विचारलं, "इतकं स्वस्त का?" त्या प्रश्नाने आम्ही पूररेषेचे नकाशे उघडले. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. ती इमारत कुठे होती ते सांगत नाही. पण २५ जुलै २०२४ला खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्याच एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं, लोकांना बोटीतून काढावं लागलं, ती दृश्यं बघताना मी आईंचा हात धरून बसले होते.

प्राधिकरण सगळ्यांनाच आवडलं. निगडी प्राधिकरण १९७२ साली आखलं गेलं, तेही कारखान्यांत काम करणाऱ्यांना घरं मिळावीत म्हणून. चौकोनी पेठा, रुंद फुटपाथ, दुतर्फा झाडं, आकुर्डी स्टेशन हाताशी, दुर्गा टेकडी चालायला. लेकरांच्या दृष्टीने पिंपरी-चिंचवडमध्ये यापेक्षा चांगला भाग मला माहीत नाही. ज्यांना जमतं त्यांनी तिथेच घ्यावं. आम्हाला किंमत झेपणारी नव्हती, आणि जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असल्यामुळे हस्तांतराची कागदपत्रं नीट समजून घ्यावी लागतात, तेवढा वेळ आणि धीर आमच्याकडे नव्हता.

त्याच आकुर्डी स्टेशनवर आम्ही परतीच्या लोकलची वाट बघत उभे होतो आणि समोरून लोणावळ्याकडे जाणारी लोकल आली. नवरा म्हणाला, "याच गाडीने आणखी थोडं पुढे गेलं तर?" देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव. आम्ही पलीकडच्या फलाटावर गेलो आणि पुढची लोणावळा लोकल धरली.

आता लोकलबद्दल सविस्तर लिहिते, कारण तळेगावचं घर म्हणजे निम्मं घर आणि निम्मी लोकल.

पुणे–लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. तळेगाव ते शिवाजीनगर रुळांवरून तीस-बत्तीस किलोमीटर, मध्ये नऊ स्टेशनं, पाऊण तास. घरापासून स्टेशन चालत बारा मिनिटं, शिवाजीनगरला उतरून ऑफिस दहा मिनिटं. म्हणजे फलाटावरची वाट धरून एकूण सव्वा तास. कर्वेनगरहून सात-आठ किलोमीटरला मला पाऊण तास लागायचा, पावसात एक तास. अंतर चौपट झालं आणि वेळ अर्ध्या तासाने वाढला, हा साधा हिशेब. पण शरीराला कळणारा हिशेब वेगळा आहे. कर्वेनगरहून दुचाकीने पोचले की खांदे आखडलेले असायचे, ओढणीला धुराचा वास, आणि पहिला अर्धा तास कुणी बोलायला आलं तर मी वसकन अंगावर जायचे. लोकलमध्ये मी बसते. घोराडेश्वराचा डोंगर खिडकीतून जातो. पावसाळ्यात त्याच्या अंगावरून पांढरे ओहोळ उतरतात. आकुर्डीपर्यंत वाचन, मग गर्दी वाढते, दापोडीच्या पुलावर मुळेचं पाणी किती चढलंय ते सगळ्या जणी बघतात, खडकीला पर्स आवरायची. या तीन वर्षांत मी जेवढी पुस्तकं वाचली तेवढी लग्नानंतरच्या दहा वर्षांत वाचली नव्हती.

जागेचं म्हणाल तर सकाळी लोणावळ्याहून येणाऱ्या गाडीत तळेगावला बहुतेक वेळा बसायला मिळतं, आणि तळेगावहूनच सुटणारी गाडी साधली तर खिडकीसुद्धा. संध्याकाळी उलटं. पुण्याहून गाडी भरूनच येते, शिवाजीनगरला चढणाऱ्याला पिंपरी-चिंचवडपर्यंत उभंच राहावं लागतं. मी पाठीचा त्रास असलेली बाई आहे, त्यामुळे हे ठळकपणे सांगते. काही गाड्या शिवाजीनगरहून सुटतात, त्यातली एक माझ्या वेळेला जुळली तर तो दिवस सणाचा वाटतो.

पास काढा, रोजच्या तिकिटाच्या भानगडीत पडू नका. पुण्याहून लोणावळ्यापर्यंतचं साधं तिकीट पंधरा रुपये आहे, म्हणजे पासाचा खर्च महिन्याच्या हिशेबात दिसतसुद्धा नाही. दुचाकीच्या पेट्रोलला माझे महिन्याला अडीच हजार जायचे.

लेडीज डबा हा वेगळाच विषय आहे. पहिल्या आठवड्यात मी कोपऱ्यात गप्प बसायचे. दुसऱ्या आठवड्यात समोरच्या काकूंनी डब्यातली थालीपिठाची चतकोर पुढे केली आणि विचारलं, "नवीन दिसतेस गं, कुठली?" त्या खडकीला दवाखान्यात नोकरी करतात, वीस वर्षं हाच प्रवास. आमच्या लेकीसाठी कुठली शाळा चालत जाण्यासारखी आहे, गावातल्या कुठल्या भागात पाण्याचा दाब बरा असतो, घरकामाला कोण येतं, हे सगळं मला त्या डब्यात कळलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दाराला झेंडूचं तोरण बांधतो, संक्रांतीला तिळगूळ आणि छोटं वाण. कर्वेनगरात सहा वर्षं राहून समोरच्या दारातल्या बाईंचं माहेर कुठलं ते मला माहीत नव्हतं.

आता ज्याने तुमचा निर्णय बदलू शकतो ते. या मार्गावर दोनच रूळ आहेत. त्यावरूनच मुंबईच्या एक्स्प्रेस गाड्या, त्यावरूनच मालगाड्या आणि त्यावरूनच लोकल. मागून एक्स्प्रेस येत असेल तर लोकल थांबते. तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेची मागणी जुनी आहे आणि ती झाल्याशिवाय मुंबईसारख्या दर चार मिनिटांनी गाड्या इथे येणं शक्य नाही. गाडी चुकली तर पुढची लगेच नसते. मी घरातून निघताना पंधरा मिनिटं हाताशी ठेवते, आणि ऑफिसात साडेनऊऐवजी पावणेदहाची मुभा मी नोकरीत आधीच मागून घेतली. तुमच्या साहेबांना दहा मिनिटांचा उशीर खपत नसेल तर आधी साहेबांशी बोला, मग घर बघा.

त्याहून मोठी गोष्ट दुपारची. सकाळची गर्दी ओसरली की दुपारी गाड्या फार विरळ होतात, कारण रुळांच्या देखभालीची वेळ तीच. आम्हाला हे माहीत होतं, तरी त्याचा अर्थ कळला एका सप्टेंबरात. साडेबाराला शाळेतून फोन आला, लेकीला ताप भरलाय, घेऊन जा. नवरा पहिल्या शिफ्टला, चाकणला. आई घरी, पण त्यांना चालवत नाही. मी शिवाजीनगरला फलाटावर जाऊन परत फिरले, मेट्रोने पिंपरी, तिथून बसने निगडी, निगडीहून तळेगावची बस. पोचायला दोन तास लागले. लेक शाळेच्या ऑफिसातल्या बाकावर कुणाची तरी शाल पांघरून झोपली होती. तिच्या गालाला हात लावला तेव्हा माझा हात थरथरत होता. चूक आमचीच होती, पर्यायी माणूस आम्ही ठरवूनच ठेवला नव्हता. त्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या आजींच्या घरी गेलो, त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मला आधी का नाही सांगितलंस?" त्यांचं नाव आणि फोटो आता शाळेच्या दप्तरी आहे, लेकीला नेण्याचा अधिकार त्यांना लेखी दिलाय. त्या दिवसापासून आतापर्यंत तीनदा गरज पडली, तिन्ही वेळा त्या वीस मिनिटांत शाळेत होत्या. आई-बाप दोघंही लांब नोकरीला असतील तर घराचा करार करण्याआधी असा माणूस शोधा. माझ्या मते घराच्या क्षेत्रफळापेक्षा हे महत्त्वाचं.

गावाबद्दल आता. तळेगाव म्हणजे दोन गावं, स्टेशन भाग आणि गाव भाग. जाहिरातीत 'तळेगाव' लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात घर सोमाटणे फाट्याकडे किंवा पार चाकण रस्त्यावर असतं. मग स्टेशनला रिक्षा लागते, लोकलचा फायदा निम्मा होतो. आम्ही स्टेशन भागातच घेतलं. घर बघायला आलात तर दलालाच्या गाडीत बसू नका, लोकलने उतरा आणि फलाटावरून चालत निघा. रस्त्यावर दिवे आहेत का, फुटपाथ कुठे संपतो, रात्री साडेआठला बाई एकटी चालत जाऊ शकेल का, हे पायांनाच कळतं.

गाव भागात मात्र दर आठवड्याला जाणं होतंच. हे दाभाड्यांचं गाव. खंडेराव दाभाडे छत्रपती शाहूंचे सेनापती, मुलगा त्र्यंबकराव डभईच्या लढाईत १७३१ला पडला, आणि पुढे उमाबाईंनी सेनापतिपदाची जबाबदारी पेलली. लेकीच्या शाळेत उमाबाईंवर भाषण करायचं होतं तेव्हा आम्ही रविवारी गाव भागात हिंडलो, मग इंदोरीचा किल्ला पाहिला. गढीच्या बुरुजाखाली उभं राहून तिने भाषण म्हणून दाखवलं, ऐकायला आम्ही तिघं आणि एक शेळी. पैसा फंडाचा काच कारखानाही इथलाच, १९०८ सालचा. लोकांकडून एकेक पैसा मागून उभा राहिलेला स्वदेशी कारखाना. अंताजी काळ्यांची ती कल्पना आणि पाठीशी लोकमान्य टिळक. माझ्या आजोबांच्या तोंडी 'पैसा फंड' हा शब्द असायचा. तो आपल्या पिन कोडात निघेल असं वाटलं नव्हतं.

नवऱ्याचं काय? त्याला कंपनीची बस घरापासून सात मिनिटांवर मिळते. तळेगाव–चाकण रस्ता त्रासाचा आहे, कंटेनर एकामागे एक, इंदोरीपासून पुढे गाडी रांगतच जाते. पण तो बसमध्ये झोपतो. पहाटे साडेचारऐवजी आता पावणेसहाला उठतो. स्वतःच्या दुचाकीने त्या रस्त्यावर रोज जायचं असेल तर मी कुणालाच सुचवणार नाही. पावसात खड्डा पाण्याखाली असतो आणि बाजूने अठरा चाकं जातात.

पावसाबद्दल शहरातल्या लोकांना कल्पना नसते. हे मावळ आहे, सह्याद्रीच्या अगदी पायाशी. पुण्यात भुरभुर असते तेव्हा इथे धो-धो असतो. जुलै-ऑगस्टमध्ये कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, कपाटातल्या पैठणीच्या घडीवर पहिल्या वर्षी पांढरी बुरशी आली तेव्हा मी रडले होते, ती माझ्या आईची होती. आता कपाटात कापराच्या वड्या, दोन दांड्या पंख्याखाली, आणि रेशमी सगळं जूनआधी हवाबंद डब्यात. वारा सुटला की लाईट जाते. इन्व्हर्टरचे पैसे घराच्या बजेटमध्येच धरा. पश्चिमेकडची भिंत ओल धरते, म्हणून घर बघताना पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावा, आणि ते जुलैतच करा. आमच्या बिल्डरने 'पावसाळ्यानंतर बघायला या' असं दोनदा सांगितलं होतं. तसं कुणी सांगितलं की पावसाळ्यातच जायचं.

त्याच पावसाचं देणंही मोठं आहे. इंद्रायणी तांदूळ पुढच्याच स्टेशनवरच्या, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला. दिवाळीनंतर कान्हे-कामशेतकडचे ओळखीचे शेतकरी नवा तांदूळ घरपोच देतात. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, वासाने पूर्ण जिना भरतो. उन्हाळ्यात रात्री पंखा दोनवर पुरतो. हरणेश्वराच्या टेकडीवर सकाळी लोक फिरायला येतात, आम्ही रविवारी आईंना पायथ्याच्या बाकापर्यंत नेतो. त्या आता रोज खाली उतरतात. लिफ्ट आहे आणि दारासमोरचा रस्ता सपाट आहे, एवढंच कारण. पण संध्याकाळी त्यांच्या चार मैत्रिणी झाल्यात आणि हरिपाठ असतो, त्यामुळे मी घरी येते तेव्हा त्यांच्याकडेच बातम्या जास्त असतात.

पैशांचं थोडक्यात. पहिले अकरा महिने आम्ही भाड्याने राहिलो, १२ हजार भाडं. एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण शैक्षणिक वर्ष काढून बघितल्याशिवाय घेणार नाही असं ठरवलं होतं. हा आमचा सगळ्यात चांगला निर्णय. बाहेरगावहून येणारे, दिवाळीच्या ऑफरमध्ये बुकिंग करणारे, कृपा करून थांबा. २०२४ मध्ये घेतलं ते तयार घर, भोगवटा प्रमाणपत्र हातात घेऊनच. महारेरा म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशे, इमारतीवरचं कर्ज, तक्रारी बऱ्यापैकी दिसतात. ते वाचायला एक संध्याकाळ द्या. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, एप्रिल २०२१पासून. ती रक्कम आमच्या इन्व्हर्टर आणि स्वयंपाकघराच्या कामाला पुरली. पण सवलतीपेक्षा, कागदावर माझं नाव पाहून माझी आई जे बोलली ते जास्त मोलाचं होतं. तिच्या पिढीत कुणाच्याच नावावर काही नव्हतं.

काय कमी आहे तेही सांगते. नाटक बघायला पुण्यात गेलं की शेवटच्या लोकलकडे डोळे, त्यामुळे मध्यंतरानंतर माझं लक्ष घड्याळात असतं. लहान मुलांचे डॉक्टर इथे चांगले आहेत, पण आईंच्या गुडघ्यांसाठी ज्या तज्ज्ञांकडे जायचो ते पुण्यातच, तो दिवस पूर्ण जातो. माझ्या माहेरची माणसं धायरीला. आधी मी मंगळवारी संध्याकाळी जाऊन यायचे, आता महिन्यातून एकदा. आई फोनवर "ये गं कधीतरी" म्हणते तेव्हा मला तुटतं. या गोष्टीला उपाय मिळालेला नाही. लक्ष्मी रोडची खरेदी मात्र उलट सोपी झाली, शिवाजीनगरला लोकलमधून उतरायचं, भुयारी मेट्रोने मंडई, पार्किंग शोधायची कटकट गेली. गणपतीत लेकीला तसंच नेलं, मंडईच्या स्टेशनातून सरकत्या जिन्याने वर येताना ढोल ऐकू आले आणि तिने माझा हात घट्ट धरला.

आणि तो दुसरा निकष. लेक गेल्या जूनमध्ये दहा वर्षांची झाली. शाळेत ती चालत जाते, कोपऱ्यावरच्या दोन मुलींबरोबर, अकरा मिनिटं. पहिले पंधरा दिवस मी रजा टाकून पन्नास पावलं मागे राहून चालले. मग पंचवीस दिवस खालच्या आजी गॅलरीतून बघायच्या. आता कुणीच बघत नाही. वाचनालयात शनिवारी एकटी जाते, पुस्तक बदलते, येताना कोथिंबीर आणते, बहुतेक वेळा पिवळी पडलेली, आणि दोन रुपये जास्त देऊन. ती जुडी मी ओट्यावर ठेवून काही वेळ बघतच राहते.

तारे द्यायचेच तर पाचपैकी चार. एक तारा दुपारच्या गाड्या आणि धायरीच्या अंतरासाठी राखून ठेवते.

माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण, मुलगा पाच वर्षांचा, सध्या घर शोधते आहे. तिला म्हटलं, माझं ऐकून ठरवू नकोस, सोमवारी संध्याकाळच्या गर्दीतच माझ्याबरोबर चल, पिंपरीपर्यंत उभी राहा आणि मग बोल. ती येणार आहे, मुलाला घेऊन. आईंनी नव्या इंद्रायणीचा भात आणि मेतकूट करायचं कबूल केलंय, आणि परतीसाठी रात्रीच्या लोकलची वेळ लेकीने कागदावर लिहून फ्रीजला चिकटवली आहे.